घोड्याच्या पायाला पट्टी कशी बांधायची (आणि कधी बांधूच नये)

आमच्या चांदणीच्या मागच्या डाव्या पायावर, नळीच्या (पायाच्या खालच्या भागातल्या लांब हाडाच्या) मागच्या बाजूला, बोटभर रुंदीचा पांढऱ्या केसांचा पट्टा आहे. घोडी कुमैत, म्हणजे अंग लालसर तपकिरी, पाय काळे, त्यामुळे तो पट्टा लांबूनही दिसतो आणि नवीन माणूस विचारतोच की ही खूण जन्माची का. जन्माची नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिला टेम्पोने घरी आणताना मी बांधलेल्या क्रेप बँडेजची ती खूण आहे. मेडिकलमधून आणलेलं साधं क्रेप, आत कापूस नाही काही नाही, आणि प्रवासात सरकू नये म्हणून चांगलं ओढून बांधलेलं. दहा-बारा तासांनी सातारला उतरवून सोडलं तर पट्टीच्या वर पाय सुजलेला आणि खाली कातडीत दोरी रुतल्यासारखी चीर. डॉक्टरांनी सांगितलं शीर (टेंडन) वाचली, नशीब. पण त्या जागी केसांची मुळं दबून गेली आणि नंतर आले ते पांढरेच आले.

त्यानंतर मी हे नीट शिकलो. दोन जुन्या सईसांकडून (घोड्यांची देखभाल करणाऱ्यांकडून), जे आयुष्यभर रेसकोर्सवर काम केलेले आहेत, आणि आमच्या पशुवैद्यांकडून. आता दर डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास लोक शहाद्याकडे सारंगखेड्याला जातात, घोडा घेतात आणि फोन करतात की पायाला काय बांधू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी पाय समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फक्त पाठांतर होईल. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आणि मागच्या पायाला हॉकखाली (तो मागचा मोठा कोपरासारखा सांधा) मांस नसतं. हाताने चाचपून बघा, पुढे नळीचं कडक हाड, मागे दोन जाड शिरा दोरखंडासारख्या, मध्ये एक लिगामेंट (हाडांना धरून ठेवणारा पट्टा), आणि वर सरळ कातडी. आपण शीर म्हणतो त्याला डॉक्टर टेंडन म्हणतात, म्हणजे मांसाला हाडाशी जोडणारी दोरी, रक्ताची नस नव्हे. आपल्या पोटरीला क्रेप बांधलं तर मांस दाब खाऊन घेतं, घोड्याच्या नळीवर दाब खायला काहीच नाही. म्हणजे पट्टीचा एक वेढा जरी बाकीच्यांपेक्षा घट्ट बसला तरी तो सगळा दाब एकाच रेषेत शिरेवर येतो, तिथलं रक्त अडतं आणि शीर सुजते. इंग्रजीत याला बँडेज बो म्हणतात कारण शीर धनुष्यासारखी बाहेर वाकलेली दिसते. घोडा धडधाकट होता आणि पट्टीने लंगडा झाला, असं खरोखर होतं.

त्यामुळे पहिला प्रश्न कशी बांधू हा नाहीच, बांधायची गरज आहे का हा आहे. गरज कधी असते सांगतो. लांबचा प्रवास असेल तेव्हा, टेम्पोत घोडा तोल सावरताना स्वतःच्याच पायावर नाल मारून घेतो म्हणून. जखम असेल तेव्हा. दिवसभर जोराचं काम झाल्यावर रात्री पाय भरू नयेत, म्हणजे सुजू नयेत म्हणून, तेही ज्या घोड्याचे खरंच भरतात त्याचे. आणि फेरी मारताना किंवा शिकवताना एक पाय दुसऱ्याला लागत असेल तर. एवढंच. शोसाठी रंगीत पट्ट्या छान दिसतात म्हणून भर उन्हात तासन् तास बांधून ठेवायच्या हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पट्टीच्या आत पाय तापतो, काम करताना शिरा आधीच गरम झालेल्या असतात आणि त्यांना थंड व्हायला वाऱ्याची गरज असते. आणि पट्टीने पायाला आधार मिळतो असं जे बोललं जातं त्याबद्दल एवढंच म्हणेन की चारशे किलोचं जनावर धावताना एका पायावर जो भार टाकतं त्यापुढे फडकं काय धरून ठेवणार, पट्टी ठोकर आणि खरचटण्यापासून वाचवते, आणि उभ्या घोड्याची सूज आवरते, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

एक गोष्ट अजून. एकाच पायाला अचानक सूज, हात लावला की गरम, घोडा पाय टेकत नाही, असं असेल तर पट्टी बांधून रात्र काढू नका, डॉक्टरांना बोलवा. दोन्ही मागचे पाय सारखेच भरलेत, गार आहेत, दुखत नाहीत, आणि थोडं फिरवल्यावर उतरतात, तर ते उभं राहून आलेलं असतं, त्याला पट्टीपेक्षा फिरवणं जास्त चांगलं.

सामान काय लागतं

दोन थर लागतात, आतला जाड मऊ थर आणि वरची पट्टी. आतला थर म्हणजे पॅड किंवा क्विल्ट, घोड्याच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन तयार मिळतात. नाही मिळाले तर मेडिकलमधला ५०० ग्रॅमचा कापसाचा रोल घ्या आणि घडी घालून वापरा. गावाकडे लोक जुन्या गोधडीचा तुकडा वापरतात आणि तो चांगला चालतो, फक्त गोधडी अशी निवडा की आत गोळे झालेले नसावेत आणि जाड शिवण पायावर येऊ नये, कारण गोळा म्हणजे पुन्हा एकाच जागी दाब. दाबल्यावर थर साधारण इंचभर जाड राहिला पाहिजे. उंची पुढच्या पायाला बाराएक इंच, मागच्याला चौदाएक, कारण मागची नळी लांब असते. भीमथडी जातीच्या घोड्यासाठी किंवा छोट्या पोनीसाठी यापेक्षा कमी कापा, गुडघ्यात किंवा हॉकमध्ये पॅड अडकायला लागलं तर घोडा पाय मोडत नाही आणि अस्वस्थ होतो. लांबी एवढी की पायाभोवती दीड ते दोन वेढे बसतील.

वरची पट्टी चार ते सहा इंच रुंद, तीनेक मीटर लांब. फ्लॅनेलची किंवा विणलेली स्टेबल बँडेज सगळ्यात सुरक्षित, कारण ती फारशी ताणली जात नाही आणि नवशिक्याच्या हातून जास्त घट्ट होत नाही. क्रेप आणि ती स्वतःला चिकटणारी रंगीत पट्टी (सगळे व्हेटरॅप म्हणतात) दोन्ही रबरासारख्या ताणल्या जातात आणि ताणलेल्या राहतात. त्या वापरायच्या तर रोलवरून आधी थोडी सैल सोडवून घ्यायची आणि मग पूर्ण ताण न देता लावायची, आणि खाली जाड कापूस हवाच हवा. साडीच्या, धोतराच्या पट्ट्या कधी वापरू नका, त्यांची कड गुंडाळून सुतळीसारखी होते. सायकलची ट्यूब, सुतळी, इलेक्ट्रिकची टेप, ही नावं सुद्धा नकोत. मी हे सगळं घोड्यांच्या पायावर बघितलंय म्हणून लिहितोय.

आणि सरावासाठी प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा आणा. घोड्यावर हात टाकण्याआधी त्यावर वीस-पंचवीस वेळा बांधा, सोडा. मग एकदा स्वतःच्या हातावर, मनगट ते कोपर, बांधून अर्धा तास बसा. कुठला वेढा घट्ट बसलाय ते तुमचीच बोटं सांगतील. घोडा सांगू शकत नाही.

बांधायच्या आधी

घोडा सपाट कोरड्या जागेवर उभा करा, चारही पायांवर सारखा भार हवा. कोणाला तरी लगाम धरायला सांगा, एकटे असाल तर एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधा. खराऱ्याने आणि मग हाताने पाय स्वच्छ करा, पूर्ण कोरडा करा. कुसळ, माती, वाळलेलं शेण, गवताची काडी, यातलं काहीही आत राहिलं तर रात्रभर घासून जखम करतं. काम करून आलेला घोडा असेल तर आधी पायांवर दहा-पंधरा मिनिटं गार पाणी सोडा, पुसून कोरडे करा, गरम ओल्या पायावर पट्टी नाही.

बसायची पद्धत महत्त्वाची. उकिडवं बसा, मांडी घालून किंवा गुडघे टेकून कधीच नाही, कारण घोडा दचकला तर एका क्षणात उठून बाजूला व्हावं लागतं. पायाच्या बाजूला बसा, समोर नाही आणि मागे तर नाहीच. खांद्यापासून किंवा मागच्या पुठ्ठ्यापासून हात फिरवत फिरवत खाली आणा, बोलत राहा, अचानक पाय पकडू नका. मागच्या पायाला बांधताना अंग पुठ्ठ्याजवळ ठेवा, लाथ बसायचीच तर जवळून कमी जोरात बसते.

आता बांधणं

दिशा आधी सांगतो कारण सगळे तिथे गोंधळतात. पट्टी पायाच्या पुढून बाहेरच्या बाजूला जाते आणि मागून आत येते. वरून बघितलं तर डाव्या पायांना घड्याळाच्या उलट, उजव्या पायांना घड्याळासारखी. सईस लोक म्हणतात अशाने शिरा आतल्या बाजूला ओढल्या जातात, बाहेर नाही. खरं सांगायचं तर आमच्या डॉक्टरांच्या मते दिशेपेक्षा दाब सगळीकडे सारखा असणं कितीतरी महत्त्वाचं आहे, पण सवय एकच असावी म्हणून हीच दिशा धरा. आणि पॅड आणि पट्टी दोन्ही एकाच दिशेने, हे मात्र सोडू नका, उलटसुलट झालं की पट्टी ओढताना आतलं पॅड गोळा होतं.

पॅडची पहिली कड पायाच्या आतल्या बाजूला, नळीच्या हाडावर ठेवा. कड शिरेवर येता कामा नये. मग पॅड सपाट, सुरकुती न पडता, पायाभोवती अंगाबरोबर गुंडाळा. सुरकुती दिसली की पुन्हा सोडून घाला, वरून पट्टी ओढून ती दाबायचा प्रयत्न करू नका. पॅड गुडघ्याच्या बरोबर खाली सुरू होऊन फेटलॉक, म्हणजे नळी संपते तो गोल सांधा, त्याच्या खालपर्यंत गेलं पाहिजे.

पट्टीचं टोक नळीच्या मध्यावर, पॅडच्या शेवटच्या कडेखाली खोचा आणि एक वेढा त्याच जागी घ्या म्हणजे टोक पक्कं बसतं. आता खाली जायला लागा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा. आणि इथे सगळ्यात मोठी गोष्ट: ओढायचं ते पुढून, हाडावरून जाताना. मागून, शिरेवरून जाताना फक्त रोल फिरवत न्यायचा, ओढायचं नाही. माझ्या एका सईस काकांनी मला महिनाभर हेच एक वाक्य ऐकवलं, हाडावर ताण, शिरेवर नाही. पट्टी रोलमधून अगदी थोडी थोडी उलगडत न्या आणि रोल पायाला जवळजवळ चिकटून ठेवा. लांब उलगडून घेतली की ताण कमीजास्त होतो.

फेटलॉकपर्यंत पोचलात की त्याच्या मागच्या खालच्या बाजूने एक वेढा झोळीसारखा घ्या आणि पुन्हा वर चढा. नीट झालं असेल तर पुढच्या बाजूला दोन कडा एकमेकींवरून जाताना उलट्या व्हीसारखी खूण दिसते. मग तसाच अर्धा अर्धा झाकत गुडघ्याखालपर्यंत वर जा, आणि उरलेली पट्टी परत थोडी खाली आणून नळीच्या मध्यावर किंवा थोडं वर संपवा. वर आणि खाली पॅडचा अर्धा इंच भाग पट्टीबाहेर दिसला पाहिजे, म्हणजे पट्टीची कड थेट कातडीत रुतत नाही. माझ्या क्रेपने नेमकं तेच केलं होतं.

शेवटचं टोक बाहेरच्या बाजूला वेल्क्रोने लावा. शिरेवर नाही, आतल्या बाजूलाही नाही, कारण दुसऱ्या पायाने ते सुटतं. वेल्क्रो लावताना शेवटचा जोर देऊन ओढायची सगळ्यांना सवय असते, ती मोडा. वरून टेप लावायची असेल तर कधीही पूर्ण गोल घट्ट नको, तिरकी सैल लावा. सेफ्टी पिना घोडा चावून काढतो, त्या नकोतच.

तपासायचं असं. वरच्या टोकाशी आणि खालच्या टोकाशी पट्टीत एक बोट सरकवून बघा. एक बोट थोडं अडून जायला हवं. बोट जातच नाही तर सोडा आणि पुन्हा बांधा. दोन बोटं आरामात फिरतात तर ती सैल आहे, आणि सैल पट्टी पण तेवढीच वाईट, ती सरकते, खाली गोळा होते, घोडा तिच्यावर पाय देतो, घाबरतो आणि स्वतःला मारून घेतो. हाताने वरून खाली दाबून बघा, सगळीकडे सारखी लागली पाहिजे.

नेहमी जोडीने बांधा. एका पायाला लागलं असेल तरी दुसऱ्यालाही, कारण घोडा दुखरा पाय उचलतो आणि सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, मग तो भरतो. आणि पहिल्यांदा मागच्या पायांना बांधलं की घोडा पाय उंच उंच उचलून विचित्र चालतो, कधी लाथा झाडतो. मोकळ्या जागेत हळू दोन-चार फेऱ्या मारा, मागे कोणी उभं राहू नका, पाच मिनिटांत शांत होतो.

प्रवासाची पट्टी

सारंगखेडा, अकलूज, माळेगाव, कुठूनही घोडा आणत असाल तर इथे लक्ष द्या. प्रवासाची पट्टी जास्त खाली जाते. पॅड एवढं उंच घ्या की ते खुराच्या वरची कड आणि मागच्या टाचेचा मऊ भाग झाकेल, टेम्पोत सगळ्यात जास्त ठोकर तिथेच लागते. बाकी बांधणी तीच.

पण बाजारातल्या घोड्याला आयुष्यात कधी पट्टी बांधलेली नसते. व्यवहार झाला, संध्याकाळी टेम्पो लागला आणि तिथेच पहिल्यांदा चारही पाय बांधून वर चढवला, तर तो आत लाथा मारेल आणि पट्टीने वाचलं असतं त्यापेक्षा जास्त लागून घेईल. एक-दोन दिवस हातात असतील तर रोज अर्धा अर्धा तास बांधून फिरवा. वेळच नसेल तर पट्टी न बांधता आणा, त्याऐवजी टेम्पोच्या फळीवर रबरी मॅट, वर भरपूर भुसा किंवा वाळू, आणि आडव्या फळ्यांना जाड गोणपाट बांधा. हे मी चांदणीच्या वेळी केलं असतं तर तिचा पाय आज पूर्ण काळा असता.

बांधलीच तर दर तीन-चार तासांनी थांबून प्रत्येक पायाला बोट लावून बघायचं, पाणी पाजायच्या वेळी हे होतं. ड्रायव्हरला घाई असते, त्याला आधीच सांगून ठेवा. सरकलेली पट्टी तिथल्या तिथे सोडून पुन्हा बांधायची किंवा काढून टाकायची. आणि घरी उतरवल्यावर पहिलं काम पट्ट्या सोडणं, चहा नंतर.

वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांच्या पायात घुंगरांचे पट्टे बांधतात, त्यालाही हाच नियम लावा, खाली मऊ जाड कापड, एक बोट जाईल एवढी जागा, आणि कार्यक्रम संपला की लगेच काढणं. ते पट्टे रात्रभर तसेच ठेवलेले मी बघतो तेव्हा खरंच वाईट वाटतं.

जखमेवर बांधताना

जखम धुवायची, सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्याने, आणि त्यावर न चिकटणारी जाळी ठेवून मग कापूस आणि पट्टी. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे धागे आत अडकतात. हळद, राख, डिझेल, काही टाकू नका. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, माणसापेक्षाही लवकर, म्हणून जखम छोटी असली तरी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. सांध्याजवळची किंवा शिरेवरची खोल जखम, ज्यातून पातळ पिवळसर पाणी येतंय, ती डॉक्टर येईपर्यंत फक्त स्वच्छ झाकून ठेवा. गुडघ्याखालच्या जखमेवर मांस वाढून बाहेर येतं, तेही घरच्या उपायाने जाळत बसू नका. पावसाळ्यात माश्या आणि अळ्यांमुळे पट्टी रोज उघडून बघणं आलंच.

किती वेळ ठेवायची

बारा तास. त्याच्यापुढे नाही, काढा, पाय बघा, हाताने चोळा, थोडा वेळ मोकळा ठेवा, हवी असेल तर पुन्हा बांधा. डॉक्टरांनी जखमेची पट्टी जास्त ठेवायला सांगितली असेल तर ते ऐका. भिजली तर लगेच काढा, ओली पट्टी सरकते आणि काही कापडं वाळताना आवळतात. घोडा पट्टी चावतोय, पाय सारखा आपटतोय, पट्टीच्या वर सूज दिसतेय, फेटलॉकच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी जोरात ठणकतेय, यातलं एक जरी असेल तर वेळ बघू नका, सोडा. चावतो म्हणून त्याला मिरची लावायला सांगणारे भेटतील, पण आधी तो का चावतोय ते उघडून बघा.

सोडताना पट्टी गुंडाळत बसू नका, या हातातून त्या हातात भराभर सोडत जा, तोवर घोडा हलला तरी पायात अडकत नाही. कापायची वेळ आली तर बोथट टोकाची कात्री, आणि कापायचं ते बाहेरच्या बाजूने, मागून शिरेवरून नाही. ब्लेड किंवा सुरी नाहीच.

मग पट्ट्या झटकून कुसळं काढा, कमी साबणात धुवा, साबण राहिला तर कातडी खाजते, आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. गुंडाळायला सुरुवात वेल्क्रोच्या टोकापासून करा, वेल्क्रो घडी करून आतल्या बाजूला ठेवून, आणि रोल घट्ट करा. उलटा गुंडाळला तर पुढच्या वेळी चौथ्या पायाला पट्टी संपल्यावर कळतं की वेल्क्रो आत गेलाय, आणि उकिडवं बसून सगळं पुन्हा सोडावं लागतं, तोवर घोडाही कंटाळलेला असतो.